न वापरल्याबद्दल

गुरुवारी दोन ते पाच
स्लायगोच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी
माझं टेबल असतं.
पाटी साधी: ग्राहकांना सल्ला, मोफत.
मोफत वाचलं की लोक आधी
मनातल्या मनात टेबलाखाली वाकून पाहतात.

अट्रॅक्टा मॅक्लूनी आली ती कोट हातावर घेऊन.
पुरुषाचा, राखाडी, कोपरांवर झिजलेला.
खिशातून पाकीट निघालं, पाकिटातून कार्ड,
बाजारसंकुलाचं, सोनेरी रिबीन छापलेलं.
पाकिटावर बॉलपेननं, खाली उतरत गेलेली ओळ:
बूट घे. या वेळी खरंच घे.

नाताळला द्यायचं असणार, ती म्हणाली.
फिंटन गेला अकरा डिसेंबरला.
कोट दाराआड राहिला तेवीस महिने,
मी त्याला साधा ब्रशही लावला नाही.
पन्नास युरोचं आहे हे.
दुकानातली मुलगी म्हणते, सतरा.

मी भिंग घेतलं.
मागच्या बाजूला कलम अकरा,
मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तसं:
पहिले बारा महिने काही नाही,
पुढे दरमहा तीन युरो
निष्क्रियता शुल्क.

म्हणजे?
म्हणजे, न वापरल्याबद्दल.

हीटर टिकटिकत होता.
अकरा त्रिक तेहतीस.
पाढा चुकत नव्हता, हीच पंचाईत.
फेब्रुवारी, ती स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायची: तीन युरो.
मे, त्याची बोट विकली, शेजाऱ्यालाच: तीन युरो.
ऑगस्टमध्ये काय झालं ते तिला आठवेना.
त्याचेही तीन.

वापरलं नाही असं कसं म्हणतात? ती म्हणाली.
मी रोज त्या दारावरून जात होते.

मी तिला सांगितलं (सांगावंच लागतं)
दुकानाचं कूपन असतं तर कायद्यानं पाच वर्षं होती.
पण हे कूपन नाही, असं ते म्हणतात,
हा इलेक्ट्रॉनिक पैसा आहे.
हा कधी झाला इलेक्ट्रॉनिक?
फिंटननं तर नोटा मोजून दिल्या असतील,
मासळीचा वास असलेल्या.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं,
वर पावती शेताच्या नावानं फाडली होती.

पत्र लिहिलं. तारीख, कलम, रक्कम.
विकताना हे शुल्क तोंडी सांगितलं होतं का?
कोणी? कोणत्या काउंटरवर?
आणि ज्याला सांगितलं तो आता कुठे आहे,
हे आपल्या दप्तरात नोंदलेलं आहे का?
शेवटचा प्रश्न तिनं खोडायला लावला.
मग पुन्हा लिहायला लावला.

सहा आठवड्यांनी उत्तर:
कोणतीही जबाबदारी मान्य न करता,
केवळ सदिच्छा म्हणून, एकवेळ,
तेहतीस युरो परत करत आहोत.

मला वाटलं, जिंकलो.
अट्रॅक्टानं चष्मा काढला. तोही त्याचाच.
सदिच्छा पाकिटावर आहे, ती म्हणाली,
उतरत्या अक्षरात.
यांनी फक्त माझे पैसे मला दिलेत.
तो शब्द मागे घ्यायला सांगा.

मी दुसरं पत्र लिहिलं, एका शब्दासाठी.
त्याचं उत्तर आलेलं नाही.

बूट एव्हाना चौऱ्याऐंशीला झाले होते.
चौतीस तिनं पदरचे घातले.
पुढच्या गुरुवारी तेच पायात घालून आली,
अजून कडक, करकरणारे,
स्ट्रँडहिलची वाळू गालिच्यावर सांडत.
ग्रंथपालबाई पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत.

एक विचारायचं राहिलं, अट्रॅक्टा म्हणाली.
कोटाला आतून एक खिसा आहे.
तो मी अजून पाहिलेला नाही.
त्याला काही मुदत आहे का?

मी उगाच फाईल चाळली.
कलम एक ते कलम बावीस,
परत मागं.
नाही, म्हणालो. काही नाही लिहिलेलं.

मग असू दे, ती म्हणाली,
आणि करकरत
जिन्यानं खाली गेली.