पिवळा रंग

स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीला
जिंतूरच्या तहसिलीत जुना नकाशा निघाला.
मागून कापड डकवलेलं,
कडा कसरीनं खाल्लेल्या.

इंग्रजांचा मुलूख गुलाबी.
आमचा पिवळा, निजामाचा.

चांदपाशानं तो भिंतीला लावला
आणि पूर्णेच्या काठाकाठानं
बोट फिरवत गाव शोधलं.
नेमकं घडीवर आलेलं.
तिथं आता नुसतं कापड.

'पंधरा ऑगस्टला,' तो म्हणाला,
'गुलाबीवाल्यांनी पेढे वाटले.
आमच्या आज्यानं झेंडा
कडब्याच्या गंजीत ठेवला,
तेरा महिने.
काढला तेव्हा उंदरांनी एक कोपरा नेलेला.'

नकाशाखाली चिठ्ठी लावायची होती.
वरून आला तसा मजकूर मी उतरवला:
पंधरा ऑगस्ट.

चांदपाशा काही बोलला नाही.
नकाशा जरा तिरका होता,
तो सरळ करत राहिला.