चौथं चाक

गाडी घेतली अलिबागच्या माणसाकडून,
चाकांत समुद्र घेऊनच ती जालन्यात आली.
अलॉयवर पांढरे फोड,
लॅकरखाली अळी फिरल्यासारख्या रेघा.

वाळूजचा इम्दाद फोनवर म्हणाला,
चारांचे अकरा हजार, पावडर कोटिंगसकट.
मी म्हटलं, माझे हात काय भाड्याने गेलेत?

मग दोनशेचा पॉलिशपेपर, चारशेचा, आठशेचा,
बोअरच्या जड पाण्यात भिजवून.
तीन रविवार, तीन चाकं.
गिराम गुरुजी कुंपणावरून, "झालं का हो?"
नखांत राखाडी पीठ,
भाकरीलाही त्याचीच चव.

चौथ्याच्या कडेला चीर निघाली.
केसाएवढी.

इम्दादने चाक उचललं, टिचकी मारली,
कान लावला,
आई मडकं घेताना लावायची तसा.
"रंग देईन, पण चीर आतून चालतच राहील.
भंगारात घाला."
पैसे घेतले नाहीत.
माझी तीन बघून एवढंच म्हणाला,
"कडा अजून घासायला पाहिजे होत्या."

आता तीन माझी,
चौथं जुन्या बाजारातलं, भलत्याच नक्षीचं.
अंबड रस्त्याला गाडी लागली
की कुठलं कुणाचं, कळत नाही.

थांबली की कळतं.