अट

तार्तूत रात्रीचे दोन.
प्रत्येक क्वेरीच्या शेपटीला पिरेत
एकच अट बांधत बसलीय:
ज्याची ओळ, त्यालाच दिसावी.

काल एका जागी राहून गेली,
तर कुणा हेल्दुरला
भलत्याच बाईच्या झोपेच्या गोळ्या दिसल्या.

टेबल एकच.
चार हजार एकशे सतरावी ओळ आईची,
अठरावी मुलाची,
मध्ये भिंत एका आकड्याची.
आडनाव तेच, पत्ते दोन,
दोघांच्याही रोजनिशीत
तोच मेलेला कुत्रा, मुरी.

दीड ओळीचा तर जॉइन.
बोटं थबकतात.

मग चाचणी चालवते:
आईच्या खात्यातून मुलगा, शून्य ओळी.
मुलाच्या खात्यातून आई, शून्य.
सगळं हिरवं.

पिरेत उठते, खिडकी लावते,
पुन्हा येऊन
ते शून्य बघत राहते.