सूर्यास्तापर्यंतचा परवाना

गोठवलेल्या वाटाण्यांपाशी आज व्हर्लीन भेटली.
छतातल्या जाळीतून गात होती.
मध्येच तिला तोडून कुणीतरी सांगितलं,
तिसऱ्या रांगेत दूध सांडलंय.
मी पिशवी धरून उभा राहिलो
बोटं बधिर होईतो.
हल्ली तिला चोवीस तास परवानगी आहे.

तेव्हा नव्हती.
श्रीव्हपोर्टात आमचं, म्हणजे काळ्यांचं, स्टेशन
हजार वॅटचं, खाटकाच्या दुकानावर दोन खोल्या,
आणि परवाना सूर्य मावळेपर्यंतचा.
ऊन भिंतीवरून उतरलं की ऑगस्टस पील
माइकमध्ये म्हणायचा, "चला मंडळी, कोंबड्या डालल्या,"
आणि मग नुसती खरखर.

व्हर्लीनची तबकडी आली सहासष्टच्या डिसेंबरात.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
डिसेंबरात पाच वाजून दहा मिनिटांनी अंधार.
आई इस्पितळाच्या धुलाईघरातून सुटायची सहाला,
हात कोपरापर्यंत उकडलेले.
बसथांब्यावरच्या बायकांना विचारायची,
"लागलं का गं माझ्या पोरीचं?"
"चारला लागलं, लुएला."
कधी, "अडीचला."
रविवारी आई घरी,
पण रविवारी दिवसभर प्रवचनं.
जूनमध्ये दिवस ताणून ताणून आठपर्यंत गेला,
आई खुर्ची ओढून रेडिओपुढे बसली,
तोवर गाणं यादीतून उतरलं होतं.

नदीपलीकडे मोठं स्टेशन. पन्नास हजार वॅट.
रात्री त्याचा आवाज चार राज्यं ओलांडायचा;
लोक म्हणत, कुंपणाच्या तारेला कान लावला तरी ऐकू येतं.
तिथे मी फरशी पुसायचो, दहा ते सहा.
व्हर्लीन तिथेही होती,
क्रू साहेबांच्या टेबलाखाली, खोक्यात,
पाकिटातून बाहेरही न काढलेली.
वर पेन्सिलीनं: आपल्या साच्यात बसत नाही.

साचा म्हणजे काय, मी एकदा विचारलं.
साहेब वाईट नव्हते. नाताळला मला हॅम द्यायचे.
म्हणाले, "ओथा, हे गाण्याबद्दल नाहीच मुळी.
लोक साबण घेतात ना,
त्यांना एका वासाची सवय असते."

मग डॅलसच्या चार पोरांनी तेच गाणं म्हटलं
आणि ते साच्यात असं चपखल बसलं
की दिवसातून अकरा वेळा लागायचं.
श्वासाच्या जागा तेवढ्या
त्यांनी गिटारनं बुजवल्या होत्या.

व्हर्लीनला लहानपणी डांग्या खोकला झालेला.
तिसऱ्या ओळीआधी ती किंचित अडते,
अंधारात पायरी चुकल्यासारखी.
तिथे मला अजून दर वेळी
उठून तिला पाणी द्यावंसं वाटतं.

ऑगस्टात एका रात्री ट्रान्समीटर दुरुस्तीला काढला.
पहाटेचे तीन. इंजिनिअर थिबो घामाघूम,
मान न वळवता म्हणाला,
"चाचणीला काहीतरी लावायचंय.
त्या खोक्यातलं दे, काहीही."

काहीही.

मी फडका बादलीत टाकला. हात पँटला पुसले,
मग परत पुसले.
दोन मिनिटं चाळीस सेकंद,
चार राज्यं,
ना नाव, ना गाव.
मापावरची सुई थरथरत होती
आणि थिबो फक्त सुईकडे बघत होता.
"बरं आहे," म्हणाला. सुईला म्हणाला.

सकाळी घरी पोचलो तर आई मोरीपाशी,
उकाड्यानं रात्रभर झोप नाही, डोळे सुजलेले,
एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती.
मी एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सुटेना.
सांगणारच होतो.

"रात्री त्या मोठ्या स्टेशनवर," ती म्हणाली,
"कुणी गोरी बाई माझ्या व्हर्लीनचं गाणं म्हणत होती.
पोरांनी गाणं नेलं, नेऊ दे.
हिनं खोकलासुद्धा नेला रे."