खोलीचा रकाना

एकतीस वर्षं सातबारा लिहिला मी.
गट नंबर, हेक्टर, आर, पोटखराब,
आकार रुपये-पैशांत,
कापूस, त्यात तुरीचे तास,
विहीर एक, मोहाचं झाड एक,
इतर हक्कात सोसायटीचा बोजा.
धुऱ्यावरच्या बोरीसाठी दोन भाऊ भांडले
तेही शेऱ्यात आलं.
पण जमीन खाली कुठवर जाते
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं जैतूबाई टेकामनं,
पिंपरडोहच्या ग्रामसभेत, शाळेच्या ओसरीवर
(समाजमंदिरात सोयाबीनची पोती होती).
कंपनीच्या पोरांनी भिंतीला नकाशा टांगला.
म्हणाले, बाराशे मीटरवर एक दगड आहे,
थराथराचा, काळा,
तुमच्या पाटीचा थोरला भाऊ समजा.
त्याच्यात वायू कोंडलाय.
परवानगी वरून आलेली आहे,
भरपाई उभ्या पिकाची मिळेल.

"मले एवढंच सांगा भाऊ,
माहं वावर किती खोल हाय?"

लोक हसले.
मग साहेब माझ्याकडे बघायला लागले,
तेव्हा हसायचे थांबले.
मी म्हणालो, नांगर जातो तितकं तुमचं, बाई.
पुढचं सरकारचं.

"अन् हीर? शेचाळीस फूट हाय.
आमी दोघांनीच खांदली."

विहिरीचं पाणी तुम्ही वापरू शकता.

"मंग पानी माहं अन् गोटा तुमचा?"

तिनं पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली,
पिशवीतून पावती.
दोन ब्रास मुरूम, स्वतःच्या शेतातला,
घराच्या जोत्यासाठी विनापरवाना उचलला म्हणून दंड.
खाली सही माझी.
अक्षर तेव्हा चांगलं होतं माझं.

पावती तिनं कुणाला दाखवली नाही,
नुसती मांडीवर ठेवली.
"मोहाखाली माहा मानूस हाय.
आमच्यात जाळत न्हाई.
चार हात खोल ठेवला त्याले.
नांगर तर तेवढा जात न्हाई.
तो कोनाचा?"

साहेबांनी पाण्याची बाटली उघडली
आणि न पिता बंद केली.
ग्रामसेवकानं इतिवृत्तात लिहिलं:
चर्चा झाली.

संक्रांत झाल्यावर मशीन आली.
मोहापासून चाळीस पावलं सरकवून लावली,
एवढं ऐकलं त्यांनी, खोटं कशाला बोलू.
एकोणीस रात्री उजेड होता त्या वावरात,
बोंडांवर किडे पडायचे,
आणि गावातली कुत्री
जमिनीला कान लावल्यासारखी निजायची.
दगडाच्या कांड्या निघाल्या,
पत्र्याच्या पेट्यांत ओळीनं ठेवल्या.
जैतूबाईनं एक हुंगली.
राकेलचा वास येते म्हणाली.
बोटभर तुकडा मागितला तर पोरगं म्हणालं,
मावशी, हे सगळं मोजलेलं आहे.

वायू निघाला का,
पुरेसा निघाला का,
तो अहवाल कुठल्या सज्जात येत नाही.
मशीन गेली. उरला
सिमेंटच्या चौकोनात एक लोखंडी पाइप,
डोक्यावर झाकण, झाकणावर नंबर.
आता तो नंबर मोडून गंजला आहे,
आणि पाइपाला जैतूबाई शेळी बांधते.

मी रिटायर झालो. सातबारा कॉम्प्युटरवर गेला.
मुकुटबनच्या बाजाराला जाताना कधी तिथं थांबतो,
ती बिनदुधाचा चहा देते.
परवा म्हणाली, तलाठीबुवा,
बाराशे मीटर म्हंजे आपले किती हात?
मी बिडीच्या कागदावर हिशेब केला,
दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला.
सव्वीसशे सदुसष्ट, म्हणालो.

शेळी पाइपाभोवती फिरून फिरून
दोर आखूड करून बसली होती.

"त्यातले चार आमचे,"
म्हणाली,
अन् दोर सोडवायला उठली.