प्रश्न क्रमांक सत्तावीस

बरोबर उत्तर एका मिनिटात लिहून होतं.
वेळ खातात ते चुकीचे तीन.
इतके वेडे नकोत की पोरं हसतील,
इतके जवळचे नकोत की अर्ज येतील.
तासिका तत्त्वावर याचे वेगळे पैसे नाहीत.

सत्तावीस. पानशेतचं धरण कधी फुटलं?
(अ) ११ जुलै १९६१
(ब) १२ जुलै १९६१
(क) १२ जून १९६१
(ड) १२ जुलै १९६२

एस.वाय.बी.ए., इतिहास, एकशे चौदा उत्तरपत्रिका.
यंत्राने साडेचार मिनिटांत तपासल्या.
माझा चहा तेवढ्यात निवलाही नव्हता.

निकालानंतर स्टाफरूमच्या दारात हर्षला दरेकर.
राहते गोखलेनगरला, मूळ कुंभारवाड्यातली.
तिने (अ) काळा केलेला, अगदी कडेपर्यंत, नीट.
"सर, अकराच्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते.
म्हणजे भिंत जायला लागलीच होती की.
फुटणं नक्की कुठून धरायचं?"

मी म्हटलं, उत्तरसूचीत ब आहे.
"हो, ते माहितीय," म्हणाली.
आणि मग जाता जाता, पिशवी खांद्यावर टाकत,

बारा जूनला त्यांच्याकडे मातीची गाडी आली होती.
पणजोबांच्या वहीत नोंद आहे, हमालीसकट.
त्याच मातीची तीनशे दहा मडकी
ओळीने सुकत होती, भट्टीत जायची बाकी.
"पाणी ओसरल्यावर बघितलं तर नुसता चिखल.
फुटली नाहीत सर ती. परत माती झाली."

आणि बासष्टच्या बारा जुलैला
गोखलेनगरच्या अर्धगोल पत्र्याखाली
पणजोबा चपला घालून झोपले,
उशाशी कंदील. कुणी काही बोललं नाही.

गुण काही तिने मागितला नाही.
मागितला असता तरी
यंत्राला तो देता येत नाही, आणि मला
पुढच्या सत्राचं पत्र अजून यायचंय.

रविवारी नवा संच काढायला बसलो.
"वरील सर्व" हा पर्याय विद्यापीठाला चालत नाही.
जुना कागद समोर. सत्तावीस बदलायचाच होता,
म्हणून (क) वर काट मारायला गेलो
आणि पेन तसंच राहिलं हातात.

कुणीतरी गाडी खाली करत होतं तिथे,
गोणपाटाखालची ओली माती,
आणि हमाल सुट्टे मागत उभा.