काऊन

आठवी ब. चौथा तास इंग्रजीचा.
समोरच्या सातऱ्यावरची मिरची खिडकीतून आत येते,
म्हणून माझ्या वर्गात
पाठ कोणताही असो, मुलं शिंकतात.

सहा वर्षं मी 'माय बेस्ट फ्रेंड' तपासला.
सदतीस वह्यांत एकच मित्र,
गाइडमधून आलेला.
त्याचे वडील डॉक्टर, त्याला क्रिकेट आवडतं,
आणि पवनी तालुक्यात तो कधी
पाणी प्यायलासुद्धा थांबलेला नाही.

या जानेवारीत फळ्यावर लिहिलं:
जे मोजलं नाही ते लिहायचं नाही.
पाच ओळी. चुका चालतील.
गाइड दिसलं तर वही खिडकीबाहेर.

मागच्या बाकावरून खेमराज उठला.
"म्याडम, हे तं गणित झालं नं?
इंग्लिशच्या तासाले काऊन?"

काऊन. याचं इंग्रजी सांग.
"व्हाय."
मग तिथूनच सुरू कर.

सोमवारी वह्या आल्या.
बऱ्याच जणांनी बाकच मोजला होता, विती लावून,
आणि एकाच बाकाच्या तीन लांब्या निघाल्या होत्या,
त्यावर मधल्या सुट्टीत भांडणही झालं.
युगलने आबाजीचा खोकला मोजला,
रात्री नऊपासून, चौदापर्यंत.
शेवटची ओळ: देन आय स्लीप. डेटा फिनिश.

प्रांजली नंदेश्वर
शाळा सुटली की आईबरोबर सातऱ्यावर देठं खुडते.
तिने एक किलो मिरची मोजली, एकेक.
अकराशे बारा.
देठं वेगळी तोलली, साठ ग्रॅम.
मजुरी देठ काढलेल्या मालावर मिळते.
खाली प्रश्न, पेनने दोनदा गिरवलेला:
हू पे फॉर स्टेम?
मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच,
"म्याडम, शेकड्याचं स्पेलिंग?"
मी स्पेलिंग दिलं.
शेकडा तिने गणिताच्या सरांकडून घेतला,
ज्यांना दोन वर्षांत तिने
एकही प्रश्न विचारला नव्हता.

आणि खेमराज.
शाळेच्या बोरिंगवर पाणी यायला लागणारे हापसे.
सकाळी सातला एकतीस.
जेवणाच्या सुट्टीनंतर चार.
रविवार मोकळा गेला की सोमवारी बावन्न.
शब्द संपले तिथे त्याने आडवी-उभी रेघ ओढून
ठिपके मांडले होते,
इंग्रजीच्या वहीत, समासात,
आणि त्याखाली
वॉटर इज स्लीपिंग बिकॉज नोबडी कॉल.

बिकॉज. तीन वर्षं तो हा शब्द चुकवत होता,
दरवेळी नव्या पद्धतीने.
आज बरोबर.
बहुधा आधी त्याला
त्या शब्दाचं काही कामच पडलं नव्हतं.

मी वही विज्ञानाच्या काटेखाये सरांपुढे ठेवली.
त्यांनी चहा बाजूला सरकवला,
ठिपके दोनदा पाहिले,
"झोपत नाही हो, खाली उतरतं," म्हणाले,
"याला बोलवा."
दोघं बोरिंगच्या कट्ट्यावर बसले तास संपेस्तोवर.
काय बोलले मला ऐकू आलं नाही.
खेमराजचे हात दिसत होते फक्त,
वर, खाली, वर, मग एकदम थांबलेले.

पंचायतीचा मिस्त्री नऊ दिवसांनी आला.
पाइप उपसले. झिजलेला वायसर
खेमराजने मागून घेतला, खिशात टाकला.
पुढच्या सोमवारी हापसे पाच.
तो जरा उदासच दिसला.
"आता लिवाले काही उरलंच नाही, म्याडम."

दोन दिवस गेले.
चौथ्या तासाला मी गैरहजरी मांडत होते
तर तो उभा.
"शिंका या तासालेच काऊन येतेत?
दुसऱ्या तासाले नाही येत.
मी गिनलो."

मला उत्तर द्यायचं होतं.
आधी शिंक आली.
वर्ग हसला, प्रांजलीने वहीत एक रेघ मारली,
आणि मी फळ्यावर स्नीझचं स्पेलिंग लिहिलं,
दोन ई,
एवढंच मला येत होतं.